देऊळ उभे राहिले, आता मुले उभी राहोत

(कलशारोहणाच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात झालेल्या गावकऱ्यांच्या सभेतील भाषण)



काल श्रीभैरवनाथांच्या शिखरावर कलश चढला. ज्या गाभाऱ्यात पावसाळ्यात पाणी ठिबकत असे, तो गाभारा आज कोरडा आणि उजळ आहे. हे काम कोणा एकाचे नव्हे. कोणी रोख दिले, कोणी सिमेंट दिले, कोणी ट्रॅक्टर दिला, कोणी अंगमेहनत दिली. या सर्वांचे गावावर ऋण आहे आणि ते मी प्रथम नमूद करतो.

समितीने मला 'शाळा आणि संस्कार' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी शिक्षक नव्हे, कीर्तनकारही नव्हे. दहावीपर्यंत शिकून तहसील कचेरीत कारकुनी करणारा मी माणूस. त्यामुळे हा विषय पोथी-पुस्तकातून मांडण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्या शाळांतून बाहेर पडलेली मुले जगाच्या दारात पहिले पाऊल टाकतात ती बहुतेक आमच्या खिडकीपाशी. तेथे जे दिसते, ते आपणापुढे ठेवतो.

जून महिना उजाडला आणि निकाल लागले, की दाखल्यांसाठी मुलांची रीघ लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमिलेअर. अर्ज आता संगणकावर भरले जातात, तरी त्रुटी निघाली की मूल कचेरीत येतेच. हाती गुणपत्रिका असते, तिच्यावर ऐंशी-नव्वद टक्के गुण असतात. मी मुलाला विचारतो, "बाळ, कोणता कागद राहिला?" उत्तर देतात त्याचे वडील. मूल खाली मान घालून उभे. अर्ज का परत आला हे त्या कागदावर मराठीत छापलेले असते; पण ते वाचून पाहण्याऐवजी बापलेक 'काम करून देणारा माणूस' शोधू लागतात. सरकारने २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम केला. ठरवून दिलेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. अर्जाची पोच मागता येते, मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, तेथे न्याय न मिळाल्यास दुसरे अपील आणि त्यापुढे आयोगही आहे. हे सारे असून नव्वद टक्केवाल्या मुलाला ते ठाऊक नसते. ठाऊक असले तरी तोंड उघडण्याचा धीर नसतो.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. एक मुलगी आपल्या आजीला घेऊन आली होती. आजीचे श्रावणबाळ योजनेचे पैसे थांबले होते. मुलीने भिंतीवरची सूचना वाचली, कोणता कागद लागतो ते नीट विचारले, पोच मागून घेतली आणि वहीत तारीख टिपली. आवाज चढविला नाही, की रडकुंडीलाही आली नाही. मी सहज विचारले, "हे कोठे शिकलीस?" ती म्हणाली, "शाळेत बाई मला खिचडीच्या तांदळाची नोंद ठेवायला मदतीला घ्यायच्या. किती आला, किती शिजला, किती राहिला, हे रोज लिहायचे. जुळले नाही तर पुन्हा मोजायचे." मंडळी, त्या मुलीला गुण किती होते हे मी विचारले नाही. विचारण्याची गरजच वाटली नाही.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने मुलांना शिकवावयाची दहा जीवनकौशल्ये सांगितली. नावे जड आहेत, अर्थ मात्र आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे. स्वतःला ओळखणे, दुसऱ्याचे दुःख त्याच्या जागी जाऊन समजणे, आपले म्हणणे नीट सांगणे, माणसे जोडणे, कोणत्याही गोष्टीची शहानिशा करणे, नवा मार्ग काढणे, निर्णय घेणे, अडचण सोडविणे, राग-लोभ आवरणे आणि ताण सोसणे. आपल्या देशाच्या १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दहा गाभाघटक होते. त्यांत स्त्री-पुरुष समानता होती, सामाजिक भेदांचे निर्मूलन होते, पर्यावरणाचे रक्षण होते, वैज्ञानिक दृष्टी होती. तेव्हा शिकवायचे काय याची यादी नव्हती असे मुळीच नाही. यादी आपल्या शाळेच्या भिंतीवरही रंगविलेली आहे. 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य तर माझ्या लहानपणापासून तेथे आहे, दर काही वर्षांनी त्यावर नवा रंग तेवढा चढतो.

खरा प्रश्न आहे तो शिकवायचे कसे, हा. याचे उत्तर आपल्या गावच्या विहिरीला ठाऊक आहे. मुलाला पोहायला शिकविताना काठावर बसून कोणी व्याख्यान देत नाही. पाठीला भोपळा बांधतो आणि पाण्यात सोडतो. शिकविणारा जवळ असतो, पण हातपाय मुलालाच मारावे लागतात. काही दिवसांनी भोपळा सुटतो. सचोटी, धीर, माणुसकी ही सारी पोहण्यासारखीच आहेत. मुलाच्या हाती खरे काम सोपवावे, त्या कामाचा खरा हिशेब मागावा आणि तो बुडू नये म्हणून आपण जवळ उभे राहावे. माझे सांगणे एवढेच आहे, आणि बाकीचे सारे बोलणे याच्याच पुष्ट्यर्थ आहे.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. त्या काळी जातीजातींचे पाणवठे वेगळे होते. अण्णांच्या वसतिगृहात मात्र सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहिली. मुलेच स्वयंपाक करीत, भांडी घाशीत, शेतात राबत आणि शिकत. मुलांच्या पोटाला कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले आणि त्या वसतिगृहाला त्यांच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. समता हा शब्द त्या मुलांनी फळ्यावरून उतरवून घेतला नाही. एका चुलीवर भाकरी थापताना तो त्यांच्या अंगी मुरला. 'कमवा आणि शिका' ही योजना त्यातूनच उभी राहिली.

दुसरे स्मरण साने गुरुजींचे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या तर गुरुजी न बोलता स्वतः आवरीत. दुसऱ्या दिवशी मुलांना लाज वाटे आणि ती आपणहून आवरू लागत. मुलांसाठी त्यांनी 'विद्यार्थी' नावाचे मासिकही चालविले. हेच गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषणास बसले आणि मंदिराचे दार उघडले. शिक्षक वर्गात एक बोलतो आणि देवळाच्या दारात दुसरेच वागतो, असे त्यांच्या बाबतीत घडले नाही. म्हणूनच त्यांचे विद्यार्थी त्यांना विसरले नाहीत.

आता कोणी म्हणेल, ती थोर माणसे होती आणि तो काळ निराळा होता. म्हणून मी अगदी अलीकडची, याच सभामंडपातली हकीकत सांगतो.

जीर्णोद्धाराच्या वर्गणीची नोंद ठेवण्याचे काम समितीने शाळेतील आठवी-नववीच्या मुलामुलींकडे सोपविले. पैसे खजिनदारांच्या ताब्यात. परंतु पावतीपुस्तकावरून खतावणीत नोंद करणे आणि दर शनिवारी सायंकाळी जमा रक्कम फळ्यावर लिहिणे हे काम मुलांचे. एका शनिवारी रोख रक्कम वहीपेक्षा ४५० रुपयांनी जास्त भरली. मुले पुन्हा पुन्हा मोजू लागली. जमलेल्यांपैकी एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "अरे, पैसे जास्तच आहेत ना, कमी तर नाहीत! टाका दानपेटीत आणि घरी जा. नाथांचे नाथांना मिळाले." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पोरांची जेवणे खोळंबली होती. तेव्हा नववीतील एक मुलगा म्हणाला, "आबा, पैसे पेटीत टाकले तर वही जुळेल. पण हे ४५० रुपये कोणी तरी दिलेत. फळ्यावर त्याच्या नावापुढे कमी लागतील."

मी तेथेच बसलो होतो. आमच्या कचेरीत जुन्या कारकुनांकडून शिकलेली एक युक्ती आहे. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर बहुधा कोठे तरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. मी मुलांना तेवढे सांगितले आणि गप्प बसलो. ४५० ला नवाने भाग गेला. मुलांनी एकेक पावती वहीशी ताडून पाहिली. अर्ध्या तासाने सापडले. पावती १,५०१ रुपयांची, वहीत नोंद १,०५१ ची. मुंबईत माथाडी काम करणाऱ्या आपल्याच गावच्या एका गृहस्थांची ती वर्गणी. ज्या मुलीच्या हातून अंक चुकला होता तिने स्वतः तो खोडून दुरुस्त केला, बाजूला सही केली. कोणी तिला हसले नाही.

मित्रहो, त्या अर्ध्या तासात शहानिशा झाली, अडचण सुटली, वडीलधाऱ्यांपुढे नम्रपणे पण ठामपणे बोलणे झाले, न पाहिलेल्या माणसाच्या कष्टांची कदर झाली आणि चूक दुरुस्त करण्याचा धीरही आला. जागतिक संघटनेच्या यादीतील निम्मी कौशल्ये एका पावतीपुस्तकात निघाली. त्यापुढे मुलांनी समितीला आणखी एक प्रश्न विचारला. ज्यांनी रोख दिले नाही, पण जुने दगड काढून नेले, पाणी मारले, त्यांची नावे फळ्यावर का नाहीत? समितीने तो प्रश्न मनावर घेतला आणि श्रमदान करणाऱ्यांची यादी स्मरणिकेत छापण्याचे मान्य केले. मोठ्यांना जे सुचले नाही ते मुलांना सुचले, याचा मोठ्यांनी राग मानला नाही, याबद्दल समितीचेही अभिनंदन केले पाहिजे.

आता थोडे कडू बोलतो. देवाच्या दारात गोडच बोलावे असा काही नियम नाही.

पहिली गोष्ट पंगतीची. काल महाप्रसादाला सारे गाव एका रांगेत बसले आणि वाढायला आपली मुले-मुली होती. हे पूर्वी नेहमी असे होत नव्हते, हे आपण सर्व जाणतो. शाळेत मूल दहा वर्षे समता शिकते. पण गावच्या जत्रेत एक पंगत येथे आणि दुसरी पंगत तेथे असे त्याने पाहिले, की दहा वर्षांचे शिक्षण त्या एका दुपारी वाहून जाते. कालची पंगत यापुढे प्रत्येक वर्षी तशीच राहिली पाहिजे. तीच गोष्ट व्यसनांची. तंबाखू खाऊ नये असा तक्ता शाळेत लावून, गुटख्याची पुडी आणावयास त्याच मुलाला दुकानावर पिटाळायचे, हा कोणता न्याय?

दुसरी गोष्ट मुलींची. २००६ च्या कायद्याप्रमाणे मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण झाल्याखेरीज लग्न करता येत नाही. हे आईबापांना ठाऊक असते, तरी 'स्थळ चांगले आले' म्हणून घाई होते. अशा वेळी "मला शिकायचे आहे" हे चार माणसांत सांगण्याचे बळ मुलीला एका रात्रीत येत नाही. ज्या मुलीला सभेत आभार मानू दिले, हिशेब वाचू दिला, पालखीच्या वेळी व्यवस्था पाहू दिली, तिलाच ते येते. आणि घरात ऐकणारे कोणी नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, तोही शाळेने मुलींना पाठ करून द्यावा.

तिसरी गोष्ट निकालाची. दहावीत मूल नापास झाले की काही घरांत सुतक असल्यासारखे वातावरण होते. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच जुलैमध्ये घेण्यास सुरुवात झाली. म्हणजे वर्ष वाया जाईलच असे नाही. पण बापाच्या तोंडून गेलेला शब्द कोणत्याही पुरवणी परीक्षेने परत येत नाही. निकालाच्या दिवशी मुलाला प्रथम जेवू घाला, मग गुणपत्रिका पाहा. आणि अपयश कसे सोसावे हे शाळेने निकालाच्या दिवशी शिकवून चालत नाही. कबड्डीत हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणे, नाटुकल्यात वाक्य विसरल्यावर पुन्हा उभे राहणे, अशा लहान हारी मुलाने आधी पचविलेल्या असाव्यात. एखादे मूल गप्प गप्प राहू लागले, जेवण-झोप उडाली, तर त्याला हट्टी म्हणू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मनाच्या त्रासासाठी विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक २०२२ साली सुरू झाला. तो शाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत असावा.

चौथी गोष्ट मोबाईलची. मोबाईल काढून घेणे सोपे आहे, शहानिशा शिकविणे कठीण आहे. परंतु घरातल्या आजी-आजोबांचे पैसे कोणी फोनवरून लुबाडू पाहील, तेव्हा घरातले शिकलेले मूलच त्यांना वाचवू शकेल. 'बँकेचा गुप्त क्रमांक कोणालाही सांगायचा नाही, फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर कळवायचे' हे प्रत्येक मुलाने आपल्या घरी शिकवून यावे, असा गृहपाठ शाळेने द्यावा. असा गृहपाठ केलेले मूल घरात मोठे होते.

काही पालक म्हणतात, "हे सगळे ठीक आहे, पण यात अभ्यासाचा वेळ जातो. शाळेने गुण मिळवून द्यावेत, वळण आम्ही लावू." त्यांना माझे नम्र उत्तर असे. हिशेबाची वही लिहिणाऱ्या त्या मुलांचे गणित काही बिघडले नाही. आणि वळण लावण्यास आपण घरी असतो किती वेळ? सकाळी शेतात, दुपारी तालुक्याला, संध्याकाळी पारावर. शिक्षकांवर सारे ढकलूनही भागणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक ठेवले आहेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. म्हणजे शाळा ही गुरुजींची एकट्यांची नाही, हे कायद्यानेच ठरविले आहे. त्याच २००९ साली बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या पाचशे शाळांतून 'मूल्यवर्धन' हा उपक्रम सुरू झाला. त्यात मुलांना नुसते ऐकविण्याऐवजी जोडीने, गटाने बसवून बोलते आणि करते केले जाते. सरकारी शाळांत हे होऊ शकते, तर आपल्या शाळेत का होऊ नये?

शेवटी तीन सूचना करतो. यांसाठी नव्या वर्गणीची गरज नाही, हे ऐकून देणगीदारांनी निश्चिंत व्हावे.

एक, देवस्थानच्या वार्षिक उत्सवाची हिशेबवही यापुढेही शाळेतील मुलांनीच लिहावी आणि जत्रेनंतरच्या रविवारी सर्वांसमक्ष वाचून दाखवावी. जो हिशेब मुलांपुढे ठेवता येतो, त्याबद्दल गावात कुजबूज होत नाही.

दोन, हा नवा सभामंडप आठवड्यातून सहा दिवस रिकामा राहणार आहे. दर शनिवारी सायंकाळी दोन तास तो मुलांना द्यावा. गवंड्याने ओळंबा कसा धरतात ते दाखवावे, शिंपीदादांनी काज-बटण शिकवावे, आशाताईंनी ताप आणि जखमेवरचे प्रथमोपचार सांगावेत, कोणी बँकेची पावती भरून दाखवावी. अर्ज कसा लिहावा, पोच कशी मागावी, अपील कसे करावे हे शिकविण्यास मी स्वतः महिन्यातून एक शनिवार येईन. हे मी नाथांसमोर सांगतो आहे. मुलग्यांनी काज-बटण शिकावे आणि मुलींनी ओळंबा धरावा, एवढीच अट.

तीन, मुंबई-पुण्याच्या बंधूंना विनंती आहे. आपण सुट्टीत गावी आलात की दर्शन घेऊन लगेच परत फिरू नका. एक शनिवार मुलांमध्ये बसा. आपण गाव सोडून गेलात तेव्हा पहिल्या महिन्यात काय अडले, खोली कशी मिळविली, कोणी फसविले, कोणी हात दिला, हे त्यांना सांगा. त्या गोष्टींची किंमत आपल्या देणगीपेक्षा कमी नाही.

मंडळी, देऊळ जुने झाले की जीर्णोद्धार करता येतो. दगड पुन्हा बसविता येतात, कलश पुन्हा चढविता येतो. मुलाचे वय मात्र एकदाच येते. आठवीतले मूल पुन्हा आठवीत येत नाही. म्हणून पुढच्या शनिवारपासूनच सुरुवात व्हावी, आणि सभामंडपाची किल्ली ज्या विद्यार्थ्याकडे किंवा विद्यार्थिनीकडे राहील त्याचे नाव आज या सभेतच मुलांनी ठरवावे, अशी अध्यक्ष महाराजांना विनंती करतो.

 श्रीभैरवनाथ आपल्या गावच्या लेकरांना सुबुद्धी आणि बळ देवो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!